आटलेले दूध आणि कायदा

एका गरीब म्हातारीने दारात येऊन ताक मागितले. शेतकऱ्याने हाकलून दिले. ती पुटपुटत निघून गेली आणि पुढे त्याची वासरे आजारी पडली. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरची वाटावी अशी ही हकीकत आहे इंग्लंडमधल्या ट्रिंग गावची. म्हातारीचे नाव रूथ ऑस्बर्न.

एप्रिल १७५१ मध्ये आसपासच्या बाजारांत चक्क दवंडी पिटली गेली, की चेटकिणीला अमुक दिवशी पाण्यात बुडवून पारखणार! गावकारभाऱ्यांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला चर्चमध्ये लपवले. जमावाने गाव पेटवण्याची धमकी देऊन दोघांना बाहेर काढले. रूथ तळ्यात मेली. तिला काठीने ढकलणारा थॉमस कॉली नंतर बघ्यांकडून पैसे गोळा करीत फिरला. खेळ दाखवल्याबद्दल!

आणि हे घडले तेव्हा इंग्लंडच्या कायद्याने चेटकिणीवरचा विश्वास केव्हाच सोडला होता. १५६३ आणि १६०४ च्या कायद्यांनी तिला फासावर चढवण्याची सोय केली होती. १७३५ च्या कायद्याने पारडे उलटवले : चेटकीण म्हणून खटला भरणे बंद, चेटूक येते असा दावा करणे मात्र गुन्हा. न्यायाधीश शहाणे झाले. तळ्याकाठची गर्दी झाली नाही. ऑगस्टमध्ये कॉलीला फाशी दिली, तेव्हाही लोक लांब उभे राहून कुरकुरत होते, की एका दुष्ट म्हातारीपायी माणूस लटकवला.

कायद्याने का कुठे अंधश्रद्धा जाते, हा प्रश्न महाराष्ट्रातही वर्षानुवर्षे विचारला गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, तेव्हा कुठे वटहुकूम निघाला. डिसेंबरात विधेयक मंजूर झाले. नाही जात अंधश्रद्धा, कबूल. पण पिंजऱ्यात म्हातारी उभी राहणार की तिच्याकडे बोट दाखवणारा, एवढे तरी कायदा ठरवतो. ते थोडके नाही.

आपल्या कायद्याच्या अनुसूचीत तर दुधाचाही उल्लेख आहे. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे भासवणे हाच गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. प्रेत तळ्यातून निघेपर्यंत थांबण्याची गरज नाही. माझा आग्रह आहे तो इथेच. नंदुरबारच्या डोंगरातून 'डाकीण' ठरवलेली बाई पोलीस ठाण्यावर येईल, तेव्हा कदाचित तिच्या अंगावर एकही जखम नसेल, नुसता तो शब्द चिकटलेला असेल. 'गावातच मिटवा' म्हणून तिला परत धाडू नका. तिची फिर्याद त्याच दिवशी नोंदवा. ट्रिंगमध्येही दवंडी आणि तळे यांच्यामध्ये काही दिवस हाताशी होते.