रंगमंच कोणाच्या मालकीचा?

केनियातील कामिरीथू या खेड्यात १९७७ साली शेतमजूर व कारखान्यांतील कामगारांनी श्रमदानाने खुला रंगमंच उभारला. न्गुगी वा थिओंगो व न्गुगी वा मिरी यांचे गिकुयू भाषेतील नाटक तेथे झाले. बँकेच्या कर्जापायी गरीब शेतकऱ्याची जमीन धनिकाच्या घशात कशी जाते, हा त्याचा विषय. तालमी उघड्यावर होत. गावकरी संवाद दुरुस्त करून देत. सरकारने लवकरच परवाना रद्द केला, वर्षअखेरीस थिओंगोंना विनाचौकशी स्थानबद्ध केले आणि १९८२ मध्ये रंगमंचच जमीनदोस्त केला. त्यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांतील टीकाही जहाल होती. परंतु तिच्यापायी तुरुंगवास घडला नव्हता. सत्तेला भय वाटले ते विचारांचे नव्हे, तर ते विचार श्रमिकांच्या भाषेत, श्रमिकांच्या मालकीच्या जागेत बोलले गेले याचे.

कामिरीथूला जे उभारावे लागले, ते सुरगाणा तालुक्यात पिढ्यानपिढ्या आहे. उन्हाळ्यातील बोहाड्यात मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचतात. वाद्ये, नट, प्रेक्षक सारे गावचेच. तिकीट नाही, मालक नाही. मात्र शहरी महोत्सवांत याच कलेचा दहा मिनिटांचा देखावा होतो आणि मुखवटा दिवाणखान्याच्या भिंतीवर जातो. मुखवट्याला किंमत येते, पण त्याची वाचा जाते.

मार्च २०१८ मध्ये वनहक्कांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चाललेल्या शेतकऱ्यांत सुरगाण्याचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. वनपट्ट्याचा रखडलेला दावा, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतील मजुरी, धो धो पावसाच्या तालुक्यातील उन्हाळी पाणीटंचाई ही त्यांची नाट्यवस्तू आहे. बोहाडा श्रद्धेचा विषय आहे, त्यात राजकारण आणू नये, हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. म्हणूनच पक्षाने संहिता लिहून नेऊ नये. परंतु देवादिकांच्या सोंगांबरोबर हास्याची सोंगेही बोहाड्यात येतात. सावकार, ठेकेदार वा पुढारी यांचे सोंग काढावे की नाही, हे गावाने ठरवावे.

कार्यकर्त्याचे काम एवढेच की, त्याने प्रेक्षकांत बसावे, गावची बोली शिकावी आणि त्या हास्याचा रोख आपल्याकडे वळला तरी उठून जाऊ नये. जी चळवळ जनतेच्या रंगमंचावर स्वतःची थट्टा ऐकू शकत नाही, तिला जनतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही.