चवदार तळ्याचा वारसा आणि पाणी तपासणारे हात

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही आमच्या माणसांचा हात पाण्याला लागताच सनातन्यांनी लाठ्या उचलल्या, डोकी फोडली. एवढ्याने समाधान झाले नाही म्हणून तळे बाटले असे जाहीर करून त्याची 'शुद्धी' केली. दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत त्या तळ्यात ओतल्या गेल्या.

आज कोणत्याही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्या 'शुद्ध' पाण्याची बाटली नेऊन द्या. विज्ञान काय सांगेल? पाण्यात शेण पडले की ते कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊ लागतात. गोमूत्राने अमोनिया वाढतो. आतड्यातले कोलिफॉर्म जंतू पाण्यात येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही आढळता कामा नये. म्हणजे आमच्या ओंजळीने जे पाणी बाटले नव्हते ते त्यांच्या शुद्धीने खरोखर घाण केले होते. पाणी शुद्ध की अशुद्ध हे पोथी ठरवणार की मोजमाप ठरवणार, हा महाडचा सवाल होता. बाबासाहेबांनी तो मोजमापाच्या, बुद्धीच्या आणि कायद्याच्या बाजूने सोडवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला, आणि पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी आणि तलाव हे शब्द मुद्दाम लिहिले गेले.

आता पाण्याचा निकाल मोजमाप देते. पण मोजणारी माणसे कोण आहेत आणि त्यांची अवस्था काय आहे, याकडे कोणाचेच लक्ष नाही. आमचे आजचे म्हणणे तेवढेच आहे.

हिंगोली जिल्हा घ्या. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा छोटा, मागास म्हणून हिणवला गेलेला जिल्हा. पण पाण्याच्या बाबतीत तो तितका दरिद्री नाही. पूर्णा नदीवर येलदरीच्या खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वरचे धरण आहे. पैनगंगेवर कळमनुरीच्या बाजूला इसापूरचा विस्तीर्ण जलाशय आहे. कयाधू नदी जिल्ह्याच्या मधून वाहते. शिवाय गावोगावचे पाझर तलाव आणि लघुतलाव वेगळेच. हिंगोली शहराची तहान सिद्धेश्वरच्या पाण्यावर भागते. या पाण्यावर माणसे जगतात, जनावरे जगतात, आणि मासेमारी करणारी भोई कुटुंबे तर सर्वस्वी याच पाण्यावर जगतात.

या पाण्याचा अभ्यास करणारी माणसे नांदेडजवळच्या विष्णुपुरीतून आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून येतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. त्याच वर्षी १४ जानेवारीला औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले होते. त्यासाठी आमच्या लोकांनी सोळा वर्षे काय सोसले हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. १९७८ साली ज्या वस्त्या जाळल्या गेल्या, त्या वस्त्यांतली नातवंडे आज प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकत आहेत. शेतमजुराची मुलगी, ऊसतोड्याचा मुलगा आज तळ्याच्या पाण्यावर पीएच.डी. करतो. ज्यांच्या आजोबांना पाण्याला शिवू दिले नाही, त्यांनीच पाण्याची परीक्षा घ्यावी, यापेक्षा मोठा सूड इतिहास काय घेणार?

पण हा सूड फुकट मिळत नाही. तळ्याचे संशोधन म्हणजे काचेच्या खोलीत पांढरा कोट घालून उभे राहणे, असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस या मुलांबरोबर जावे. नमुना शक्यतो सकाळी, ठरलेल्या वेळी घ्यावा लागतो. रात्रभर शेवाळ श्वास घेत असते, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि ऊन चढेल तसा तो वाढतो. वेळ चुकली की आकडा चुकला. म्हणजे पहिली एसटी गाठायची, हातात बाटल्यांची पेटी आणि बर्फाचा डबा. तळ्यावर होडीत बसायचे. काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडायची आणि ती दिसेनाशी कुठे होते ते पाहून पाण्याची पारदर्शकता मोजायची. बारीक जाळीतून पाणी गाळून डोळ्यांना न दिसणारे जीव गोळा करायचे.

प्राणवायूचा नमुना तर तळ्याच्या काठावरच बांधून घ्यावा लागतो. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे द्रावण टाकले की तपकिरी साका बसतो. मग प्रयोगशाळेत आम्ल टाकून तो विरघळवायचा आणि ब्युरेटमधून थेंबथेंब थायोसल्फेट सोडायचे. स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, त्या थेंबावर पाण्याचा निकाल लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे माशांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम आणि आंघोळीच्या पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायची तर बाटल्या २७ अंश तापमानात सलग तीन दिवस ठेवाव्या लागतात. मध्येच वीज गेली की तीन दिवसांची मेहनत मातीत. असे दर महिन्याला, दोन-दोन वर्षे.

आता या कामात किती हात लागतात ते मोजा. होडी वल्हवणारा भोई. बाटल्या आम्लाने धुऊन, वाळवून ठेवणारा प्रयोगशाळा परिचर. रसायने तयार करणारा सहाय्यक. नमुना घेणारा, मोजणारा, रात्री जागून आकडे मांडणारा संशोधक विद्यार्थी. आणि शेवटी मार्गदर्शक प्राध्यापक. यातल्या एकाचा हात चुकला तर अख्खा आकडा खोटा ठरतो. बाटली नीट धुतली नसेल तर फॉस्फेट नसलेल्या पाण्यातही फॉस्फेट दिसेल. विज्ञानाच्या दृष्टीने हे सर्व हात सारख्याच मोलाचे आहेत. व्यवस्थेच्या दृष्टीने ते सारखे आहेत काय?

परिचराची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवायची आणि त्या जागी ठेकेदाराचा माणूस आणायचा, ही आता रीतच झाली आहे. ठेकेदाराकडे आरक्षण नाही, पेन्शन नाही, उद्याची हमी नाही. सरकारी खात्यांत खासगी संस्थांमार्फत माणसे भरण्याचा निर्णय राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला होता. राज्यभर संताप उसळल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पण निर्णय मागे गेला म्हणून प्रथा मागे गेली असे नाही. महाविद्यालयात शिकवणारा तासिका तत्त्वावर राबतो आणि सुट्टीत उपाशी राहतो. संशोधक विद्यार्थ्याची कथा त्याहून निराळी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून सुरू झाली, आणि तिच्या बळावर आमची कितीतरी मुले प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली. राज्यात बार्टीची अधिछात्रवृत्ती आली. पण तीच अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून २०२३ साली आमच्या संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे ठाण मांडावे लागले. ज्याने सूक्ष्मदर्शकासमोर बसायचे, त्याला फलक घेऊन रस्त्यावर बसवले. तळे थांबत नाही. ज्या महिन्याचा नमुना चुकला तो महिना पुन्हा येत नाही.

आणि होडीवाल्या भोयाचे काय? कोणत्या कोपऱ्यात झरा आहे, कुठे गाळ साचला, कोणता मासा कोणत्या वर्षापासून जाळ्यात येईनासा झाला, हे ज्ञान त्याच्यापाशी आहे. ढगाळ दिवसांत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येतात हे त्याने बापाकडून शिकलेले असते. प्रयोगशाळा त्याच गोष्टीला प्राणवायूची घट म्हणते. प्रबंधात माशांची यादी छापली जाते, लॅटिन नावांसह. ती यादी ज्याच्या जाळ्यातून आली त्याचे नाव सहसा कुठे नसते. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरच्या-खालच्या कप्प्यांत कोंबते. हाताने करणारा खाली, तोंडाने सांगणारा वर. प्रयोगशाळेत हीच उतरंड पांढरा कोट घालून शिरली असेल, तर तिला विज्ञान म्हणायचे कसे?

काही विद्वान म्हणतील, पाण्याला जात नसते, प्रयोगशाळेत कशाला जात आणता? पाण्याला जात नसते हे आम्ही महाडपासून सांगत आलो आहोत. जात पाण्याच्या काठावर उभी असते. दलित वस्तीची जलवाहिनी गावाच्या शेवटी असते, वस्तीच्या विहिरीत गावाचे सांडपाणी मुरते, हे ज्या मुलाने लहानपणी पाहिले आहे तो नमुना कुठून घ्यायचा हे अधिक नेमके ठरवतो. म्हणून मोजणाऱ्यांत आमची माणसे असणे ही केवळ नोकरीची बाब नाही. आकडा पूर्ण होण्यासाठी ते आवश्यक आहे.

सरकारकडे पैसा नाही असे कोणी सांगू नये. याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची महाप्रयोगशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून विश्वातल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या जाणार आहेत. आम्ही या प्रकल्पाचे स्वागतच करतो. हिंगोलीच्या मातीतून विश्वाचे कोडे सुटत असेल तर आमची छाती फुगेल. पण अब्जावधी वर्षांपूर्वीची लहर मोजणाऱ्या तालुक्यात आज सकाळच्या पाण्यातला प्राणवायू मोजणाऱ्या मुलाला एसटीचे भाडे स्वतःच्या खिशातून का भरावे लागावे?

तळ्याची प्रयोगशाळा समाजाला काय देते याचे उत्तर कॅनडाने दिले आहे. तिथे ऑन्टारिओ प्रांतात १९६८ पासून लहान-लहान तळी संशोधनासाठी राखून ठेवली आहेत. १९७३ साली त्यातल्या एका तळ्याचे पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकले, फॉस्फरस मात्र एकीकडेच टाकला. फॉस्फरसच्या बाजूला तळे शेवाळाने हिरवे झाले, दुसरी बाजू स्वच्छ राहिली. साबणातल्या फॉस्फेटवर बंधने घालण्याच्या लढ्याला या प्रयोगाने मोठे बळ दिले. तरीही २०१२ साली तिथल्या सरकारने हे केंद्र गुंडाळण्याचे ठरवले. शास्त्रज्ञ आणि नागरिक रस्त्यावर आले, आणि २०१४ साली एका स्वतंत्र संस्थेकडे जाऊन ते केंद्र वाचले. विज्ञान वाचवायलाही चळवळ लागते, हा त्याचा धडा आहे.

आणि चळवळ म्हटले तर पाण्यावर आमचा हक्क इतर कोणापेक्षा कमी नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ असलेला आयोग १९४५ साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाला. नदीच्या पाण्याचे शास्त्रीय नियोजन करणारा हा महापुरुष आम्ही फक्त पुतळ्यात पाहायचा काय?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. संशोधक विद्यार्थ्यांची अधिछात्रवृत्ती दरमहा त्यांच्या खात्यावर जमा झाली पाहिजे. प्रयोगशाळा परिचर आणि सहाय्यकांची रिक्त पदे आरक्षणासह कायमस्वरूपी भरली पाहिजेत. तळ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला प्रवासखर्च आणि जीवरक्षक जाकीट मिळाले पाहिजे. होडीवाल्याला रोजाचा मोबदला आणि प्रबंधात नाव मिळाले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या तळ्याचे पाणी तपासले त्या गावच्या ग्रामसभेत तो अहवाल सोप्या मराठीत वाचला गेला पाहिजे. दलित वस्तीच्या नळाचा आकडा त्यात वेगळा असला पाहिजे.

२० मार्च २०२७ ही महाड सत्याग्रहाची शताब्दी. त्या दिवशी चवदार तळ्यावर जाणारे जातीलच, आणि गेलेच पाहिजे. पण हिंगोलीच्या कार्यकर्त्यांनी त्या निमित्ताने आणखी एक काम करावे. जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपल्या बुद्धविहारात बोलवावे, वस्तीच्या विहिरीचे आणि गावतळ्याचे पाणी त्यांच्या हातून तपासून घ्यावे, आणि तो निकाल विहाराच्या फळ्यावर लिहावा. खाली तारीख लिहावी. आणि नमुना कोणी घेतला, बाटली कोणी धुतली, होडी कोणी वल्हवली, त्या सर्वांची नावे लिहावीत.