सव्वा तासाचे गाव

आमचे आईवडील नागपूरला राहतात आणि आम्ही पुण्याला. ही तक्रार नव्हे. पुण्यातल्या कितीतरी बिऱ्हाडांची हीच कथा आहे. "तुम्ही दोघे आता तिकडे या" असे मी दर दिवाळीला म्हणतो, आणि "तुझे घर काय पळून चालले आहे?" असे आप्पा दर दिवाळीला म्हणतात. तीन वर्षांपूर्वी मी हात टेकले. म्हणालो, "राहा इथेच. काही झालेच तर सव्वा तासात येतो!"

हा सव्वा तास माझ्या पदरचा नव्हता. लोहगाव ते सोनेगाव सरळ रेघ ओढली तर ती ६०० किलोमीटरच्या किंचित वर भरते. दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेणाऱ्या आगगाडीला हेच गाव ९०० किलोमीटरच्या घरात पडते. जेट विमान वर जाऊन स्थिरावले की तासाला ८०० किलोमीटर तोडते. म्हणजे हिशेब पाऊण तासाचा. पण त्याला आधी चढावे लागते, मग उतरावे लागते, आणि दोन्ही वेळा चाल मंद. शिवाय तिकिटावरची वेळ धरतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत. धावपट्टीपर्यंतचे रांगणेही त्यातच आले. म्हणून वेळापत्रकात सव्वा ते दीड तास. हिवाळ्यात वरच्या थरांतून पश्चिमेचा वारा वाहतो. नागपूरला जाताना तो पाठीवर हात ठेवतो, परतताना छातीवर बसतो. माहेर लवकर येते आणि सासर लांबते, हे बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

गेल्या जानेवारीत पहाटे पाचला शेजाऱ्यांचा फोन आला. आप्पा न्हाणीघरात पडले होते. मांडीचे हाड मोडले होते. सकाळच्या विमानात जागा नव्हती. मिळाली ती दुपारी एकच्या. वर गेल्यावर वैमानिकाने सांगितले, वारा पाठीशी आहे, दहा मिनिटे आधी पोहोचू. शेजारचे गृहस्थ खूश झाले. मला त्या दहा मिनिटांचे काय करावे ते समजेना.

इस्पितळात पोहोचलो तेव्हा चार वाजत होते. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही आईने केली होती. पोस्टातला साधा फॉर्मसुद्धा ती माझ्याकडून भरून घेत असे.

वर्गात मी मोठ्या थाटात सांगतो, अंतर म्हणजे लांबी, अंतर म्हणजे मन, आणि 'अंतर देणे' म्हणजे टाकून जाणे. इस्पितळाचा जिना चढताना तिन्ही अर्थ एकदम आठवले.

आप्पा टपालखात्यातले. १९४९ साली रात्रीचे विमानटपाल सुरू झाले, त्याचे ठाणे नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांची विमाने मध्यरात्री सोनेगावला जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडायच्या सुमारास आपापल्या गावी परतत. पुढे ती सेवा बंद झाली. पण नोकरीच्या सुरुवातीला आप्पांनी तिथे थैल्या मोजल्या आहेत. विमानाच्या वेळेबाबत त्यांना फसवणे सोपे नाही.

गुंगीतून डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"काय रे, झाला का तुझा सव्वा तास?"

आई म्हणाली, "त्याला आधी चहा तर घेऊ द्या."