दोन बोटांची किंमत

ईदच्या नमाजनंतर गळाभेटी चालल्या होत्या. मोहल्ल्यातला एक तरुण सगळ्यांना डावा हात देत होता. उजवा कुर्त्याच्या खिशात. एका बुजुर्गांनी टोकलं, "बेटा, सीधा हात दे." त्यानं हात बाहेर काढला. तर्जनी आणि मधलं बोट नव्हतं. सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रात गेलं होतं.

कायद्यात बोटांचा हिशोब आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं एका हाताची दोन बोटं गेली, तर कमावण्याची शक्ती २० टक्के घटते, असं धरलं होतं. कृत्रिम अवयव देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेला मात्र किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे हा मुलगा ना धड सुदृढ, ना धड दिव्यांग.

हुबेहूब बोट तयार होतं. उरलेल्या खुंटाचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांचा साचा घेतात, मेणात बोट घडवतात, मग सिलिकॉनमध्ये ओततात. रंग रुग्णाला समोर बसवून, त्याच्या कातडीशी ताडून, थरावर थर देत लावावा लागतो. नख वेगळं बसवतात. खुंट पुरेसा लांब असेल तर ते घट्ट बसतं. वुजूच्या वेळी अंगठीसारखं काढून ठेवता येतं.

मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यानं कापूस थोडाच वेचता येणार आहे, भाईजान?" खरं आहे. ते बोट वाकत नाही. घामानं निसटतं, हळदीचा डाग धरतं, काही वर्षांनी बदलावं लागतं. पण दुखऱ्या खुंटाला झाकतं, कागद दाबून धरायला लांबी देतं. आणि हात खिशाबाहेर येतो. ही चैन आहे, असं मला वाटत नाही. माणसांत मिसळणं हीसुद्धा गरजच आहे.

उकिडवं बसता यावं, शेतात अनवाणी चालता यावं, असा जयपूर फूट आपल्याच देशात रामचंद्र शर्मा या कारागिरानं डॉक्टरांसोबत घडवला. मग बोटांसाठी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक छोटी कार्यशाळा का नको? मूर्ती घडवणारे, रंगकाम जाणणारे हात आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांना शिकवा. साच्यासाठी, रंगासाठी, दुरुस्तीसाठी मजुरी बुडवून मोठ्या शहराच्या खेपा कोण घालणार?

आणि ‘एडिप’ची ४० टक्क्यांची अट बोटांपुरती तरी शिथिल करा. त्याआधी मळणी यंत्राच्या तोंडाला संरक्षक जाळी लावा. ती बोटापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.