भूकंपमापकाची बॅटरी कोणाच्या खात्यात?

कोयनानगरच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झालेल्या भूकंपाने सुमारे १८० माणसांचे प्राण घेतले. त्याच भूकंपाने मुंबईच्या कारखानदारीचा वीजपुरवठाही तोडला. पहिली गोष्ट आपल्या स्मरणात आहे, दुसरी फारशी कोणाला आठवत नाही. वास्तविक तिच्यात एक साधा व्यवहार दडलेला आहे. भूकंप येतो तेव्हा तारेतली वीज जाते. म्हणून ज्या यंत्राने भूकंपाची नोंद ठेवावयाची, त्याला तारेतल्या विजेवर विसंबून राहता येत नाही. त्या पहाटे धरणाच्या भिंतीत बसविलेल्या त्वरणमापकाने जी नोंद टिपली, ती आजही जगभरचे धरण-अभियंते अभ्यासतात. त्या पिढीतील अशी यंत्रे स्वतःच्या बॅटरीवर चालत. एरवी ती निद्रिस्त असत आणि जमीन हलली की जागी होत.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने बॅटरीविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. प्रस्तुत लेखकालाही पाच-सात वर्षांपूर्वी ते वाटले असते. माझा एक जुना विद्यार्थी मला सह्याद्रीतील एका भूकंपनोंद केंद्रावर घेऊन गेला होता. ते केंद्र कोणाचे, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. डोंगराच्या सोंडेवर आठ-दहा फुटांची खोली, आत जमिनीखालच्या कातळाला घट्ट बसविलेले लाखो रुपयांचे परदेशी संवेदक, छतावर सौर पॅनेल आणि कोपऱ्यात फुगून वाकडी झालेली बॅटरी. राखणदार म्हणाला, "सर, गणपतीच्या आधीपासून हे बंद आहे. मी दोनदा कळवलं. नवीन बॅटरीचा कागद वर गेला आहे." आम्ही गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

ही बॅटरी असते तरी केवढी? हिशेब कोणाही शाळकरी मुलाला करता येईल असा आहे. संवेदक, नोंदणीयंत्र आणि घड्याळ जुळवून घेणारा उपग्रहग्राहक, एवढ्यांना मिळून पाचेक वॅट पुरतात. घरातला एक लहान एलईडी दिवा तेवढी वीज खातो. चोवीस तासांचे झाले १२० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून दररोज १० अँपिअर-तास. दहा दिवस सूर्यदर्शन झाले नाही तरी केंद्र चालावे असे धरले तर १०० अँपिअर-तास लागतील. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. म्हणून २०० अँपिअर-तासांची सोय हवी. नोंदी उपग्रहामार्फत तत्काळ पाठवावयाच्या असतील तर ही भूक पाच-सहा पटीने वाढते. पण मूळ हिशेब तोच राहतो.

हा हिशेब कागदावर चुकत नाही, चुकतो तो पावसाळ्यात. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळोखात पॅनेलला उन्हाळ्यातील उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळेल याचीही खात्री देता येत नाही. पॅनेलचा आकार जुलै महिन्याकडे पाहून ठरविला पाहिजे. निविदेत मात्र तो वर्षाच्या सरासरी उन्हावर ठरतो. सरासरी पाऊस पाहून दुष्काळी कामे आखण्याचाच हा प्रकार होय, आणि १९७२ पाहिलेल्या आमच्या पिढीला त्याचे अधिक स्पष्टीकरण नको. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात, आणि मग ऑक्टोबरात कितीही ऊन मिळाले तरी ती पुन्हा पूर्ण भरत नाही. कोयनेच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. पावसाळ्यात शिवाजीसागर भरत जातो, पाण्याचा दाब खालच्या खडकात उतरतो, आणि पावसाळा संपता संपता व त्यानंतरच्या महिन्यांत तेथील भूकंपांची संख्या वाढते, असे संशोधकांनी वर्षानुवर्षे नोंदविले आहे. म्हणजे नोंदींची सर्वांत अधिक गरज असते त्याच सुमाराला बॅटरी शेवटचे आचके देत असते!

बाकीच्या सरंजामाचीही तीच कथा. चार्ज कंट्रोलर नावाची लहानशी पेटी बॅटरीला अतिभरणापासून आणि अतिउपशापासून वाचविते. ती हलक्या प्रतीची घेतली तर बॅटरी मरतेच, शिवाय तिची विद्युत खरखर संवेदकाच्या नाजूक नोंदीत मिसळते. वळवाच्या विजांपासून रक्षण करणारी भूयोजना हवी, केबल उंदरांनी कुरतडू नये म्हणून लोखंडी नळी हवी, पॅनेल चोरीला जाऊ नये म्हणून पक्की चौकट हवी. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी अधिक टिकते आणि अधिक खोलवर रिकामी करता येते. तिची सुरुवातीची किंमत जास्त, म्हणून सर्वांत कमी दराच्या निविदेत तिचा टिकाव लागणे कठीण. (लडाखसारख्या ठिकाणी शून्याखालच्या थंडीत ती तशीच भरता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. सर्व ठिकाणी एकच औषध चालत नाही.)

आता माझ्या विषयाकडे येतो. संवेदक खरेदी करणे हा भांडवली खर्च. त्याला प्रकल्प मंजूर होतो, त्याचे उद्घाटन होते, त्याच्यावर मंत्र्याचे नाव कोरता येते. बॅटरी दर तीन-चार वर्षांनी बदलणे हा महसुली खर्च. प्रकल्पाची मुदत संपली की त्याला वाली उरत नाही आणि काटकसरीचे परिपत्रक निघाले की पहिली कात्री त्यालाच लागते. यंत्राच्या किमतीच्या मानाने बॅटरीची किंमत किरकोळ असते. तरीही ती नसेल तर संपूर्ण भांडवल निरुपयोगी होते, आणि हिशेबाच्या वहीत मात्र ते भांडवल अखंड दिसत राहते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बंद पडलेली क्ष-किरण यंत्रे आणि गावोगावचे नादुरुस्त हातपंप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा रोग ओळखीचा वाटेल. कोयना खोऱ्यात गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल विवर खणून पूर्ण झाले; भूकंपविज्ञानातील तो मोठा उद्यम आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असाच आहे. पण खोल विवरातल्या संवेदकालाही वीज जमिनीवरूनच पुरवावी लागते.

कोणी म्हणेल, एखादे केंद्र काही महिने बंद राहिले तर असे काय बिघडले? भूकंपाचे स्थान काढण्यास निदान तीन केंद्रांच्या नोंदी लागतात, खोली नीट काढावयाची तर जवळचे केंद्र हवेच. ते बंद पडले की स्थान काही किलोमीटरने सरकते आणि लहान धक्के मुळी मोजलेच जात नाहीत. भूकंपांच्या यादीत मग शांतता दिसते. ती जमिनीची शांतता की बॅटरीची, हे यादी पाहून कळत नाही. तज्ज्ञ मंडळी हा भेद जाणतात. जिल्हा कार्यालयात ती यादी पाहून 'चिंतेचे कारण नाही' असे पत्रक काढणारा अधिकारी तो जाणतोच असे नाही.

किल्लारीच्या परिसरात १९९२ मध्ये लोकांनी धक्के अनुभवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, आणि बॅटरीवरची फिरती यंत्रे तेथे नेऊन बसविली गेली ती त्यानंतर. अधिक यंत्रे असती तर भूकंपाचे भाकीत करता आले असते, असा भ्रम कोणी बाळगू नये. तसे भाकीत आजही कोणाला करता येत नाही. परंतु कोठल्या गावाखाली जमीन अस्वस्थ आहे, तेथील घरे आधी बळकट करावीत की नाही, हे ठरविण्यास नोंदी लागतात. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांचे सत्र सुरू झाले, तेव्हा आदिवासी कुटुंबे थंडीत घराबाहेर झोपत होती. आपल्या पायाखाली काय चालले आहे, हे विचारण्याचा पहिला हक्क त्यांचा होता.

कोयनेच्या विस्थापितांचा प्रश्न तर याहून जुना. राज्याला वीज मिळावी म्हणून ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांच्यातील कित्येकांच्या वाड्यावस्त्यांवर दिवा लागायला वर्षानुवर्षे लागली. त्यांच्याच खोऱ्यातील धक्के मोजणाऱ्या यंत्राला पाच वॅट सातत्याने मिळू नयेत, यात क्रूर विनोद आहे.

त्या राखणदाराविषयीही लिहिले पाहिजे. तो कंत्राटी होता. पॅनेलवरची धूळ आणि शेवाळ पुसणे, बॅटरीच्या टोकांवरचा क्षार काढणे, व्होल्टमापकाचा आकडा वहीत लिहिणे, ही कामे तो कोणी न शिकविता करीत होता. त्याच्या वहीत जुलैच्या अखेरीपासून रोज घसरत गेलेले आकडे मी स्वतः पाहिले: १२.४, १२.१, ११.८. वही मागायला मात्र कोणी आले नव्हते. त्याला दीड हजार रुपयांची वाढ आणि फोनवरून थेट सांगण्याची मुभा असती, तर ते केंद्र बंद पडले नसते असे माझे मत आहे.

पाटण, डहाणू, तलासरी, औसा या तालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या भागातील प्रत्येक केंद्राने गेल्या तीन वर्षांत महिन्याला किती तास प्रत्यक्ष नोंद केली, बॅटरी शेवटची केव्हा बदलली आणि तो खर्च कोणत्या शीर्षाखाली पडला, अशी माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. उत्तरात केंद्रांची संख्या, यंत्रांची किंमत आणि प्रकल्पाचे नाव येईल. ते परत पाठवून तासांचा आकडा पुन्हा मागावा.