क्यूआर कोड चिकटवला, पुढे काय?

गेल्या शनिवारी गावाला गेलो होतो. ताम्हिणी, माणगाव, महाड... आणि बिरवाडीकडे वळलं की एमआयडीसीचा तो ओळखीचा वास. (काचा वर असल्या तरी येतोच!)

घरी टेकलो नाही तोच गावमंडळाचे खजिनदार काका पावती पुस्तक घेऊन हजर. "तू कॉम्प्युटरवाला ना? मंडळाचं ते ऑनलाइन करून दे बाबा."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. क्यूआर कोड काढायचा, देवळाच्या खांबावर चिकटवायचा आणि व्हॉट्सॅपवर टाकायचा. पण पैसे जाणार कुणाच्या खात्यात? काकांच्या?

तिथून सगळं उलगडत गेलं. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे, पण बाकी कागद नाहीत. कारण इतकी वर्षं गरजच पडली नाही. पूर्वी गावचे लोक परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. पगाराच्या दिवशी चाळीत फेरी मारली की वर्गणी जमायची. १९८२ च्या संपानंतर तो झरा आटला. मग एमआयडीसीत लागलेली पोरं आली, आता पुण्यातले आमच्यासारखे. म्हणजे मंडळ दर पिढीला बदललंच की. फक्त "आम्ही बदललो" असं पीपीटी करून कुणाला दाखवलं नाही!

खरी अडचण झाली जुलै २०२१ च्या पुरात. कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कुठली वाट अजून चालू आहे, हे मंडळाच्या पोरांना तोंडपाठ. बाहेरचे ट्रक पोचायच्या आधी भाताची पातेली पोचली. नंतर एका कंपनीचे साहेब आले. द्यायची इच्छा होती, पण त्यांनी सीएसआर नोंदणी क्रमांक मागितला. तो हवा तर आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी. साहेबांचाही दोष नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के खर्च करायला लावले आणि एप्रिल २०२१ पासून असे पैसे घेणाऱ्या संस्थांना ही नोंदणी सक्तीची झाली. गैरप्रकार रोखायला ते योग्यच आहे. पण ८०जी मिळाली की दरवर्षी देणगीदारांची पॅनसकट यादी भरा, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये दंड. बहात्तर वर्षांचे काका हे करणार?

आणि हे करणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार? इथेच आपलं सगळ्यांचं चुकतं, माझं धरून. आपल्याला दप्तरं वाटायला आवडतात, फोटोही छान येतो. हिशेबनिसाची फी म्हटली की लगेच "अॅडमिन कॉस्ट किती?" अरे, आपल्या कंपनीत एचआर, फायनान्स, सपोर्ट नसते तर आपला कोड चालला असता का?

महाडच्याच सिस्केप संस्थेचं बघा. म्हसळ्याजवळ चिरगावच्या रानात गिधाडं टिकावीत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं. गिधाडांना खाणं कमी पडलं तर मेलेलं जनावर उचलून तिथवर न्यावं लागतं. आता असल्या टेम्पोच्या डिझेलवर देणगीदाराच्या नावाची पाटी कुठे लावणार?

त्यात २०२३-२४ पासून नवी कररचना आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावटच नाही. मार्चमध्ये टॅक्स वाचवायला देणगी देणारे माझ्या टीममध्ये बरेच होते. आता त्यांना ते कारणही उरलं नाही. पावतीसाठी देत होतो की कामासाठी, ते आता कळेल.

असो. रविवारी सकाळी गावच्या पाच जणांना फोन केले. प्रत्येकी महिना हजार, कशावर खर्च करा हे सांगायचं नाही. तिघे लगेच हो म्हणाले, एकाने "बघतो" म्हटलं, एकाने फोन उचलला नाही. त्यातून आधी मंडळाच्या नावाचं खातं आणि पॅन मार्गी लावायचं, मग महाडमधला एक सीए गाठायचा. क्यूआर कोड त्यानंतर.

काकांना सांगितलं तर ते गोंधळले. पेनाचं टोपण काढून विचारतात, "पण पावतीवर कारण काय लिहू? उत्सव, पूर की शाळा?"

म्हटलं, "काका, ती ओळ कोरीच ठेवा."