वर्गात झोपणारा : कुंभकर्ण की मुचकुंद?



या महिन्यात गुरुजींनी सांगितले की प्रत्येकाने ‘माझे मत’ लिहून आणायचे. कोणी झाडांवर लिहिले, कोणी स्वच्छतेवर लिहिले. मी म्हटले, मी झोपेवर लिहिणार. तेव्हा सगळा वर्ग हसला. आधी मीही हसलो असतो. पण आता मला तसे वाटत नाही. का ते सांगतो.

आमची शाळा दहाला भरते. दुपारपर्यंत कोणी झोपत नाही. मग मधली सुट्टी होते आणि खिचडी मिळते. आमच्या वयाच्या मुलांना माणशी १०० ग्रॅम तांदूळ असतो. ऐकायला थोडा वाटतो, पण शिजला की ताट भरते. ते ताट पोटात गेले की झोप हळूच येऊन डोळ्यांवर बसते. बाहेर ऊन, आत गार फरशी, खाली बस्करपट्टी आणि वर गुरुजींचा एकसारखा आवाज. मग काय विचारता!

आमच्या वर्गात झोपणाऱ्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला घोडा. घोडा उभ्याउभ्या झोपू शकतो. तसा हा पाढे म्हणायला उभा राहतो आणि तेरा सत्ते कितीवर डोळे मिटतो. दुसरा वाचक. हा पुस्तक तोंडासमोर धरतो. गुरुजींना वाटते, वा, काय अभ्यास चाललाय! पण पुस्तक उलटे असते. तिसरा नंदीबैल. हा बसल्या बसल्या मान हलवतो. गुरुजी म्हणतात, “समजलं का?” हा मान हलवतो. गुरुजी म्हणतात, “नाही ना समजलं?” तरी हा मान हलवतो.

मोठ्या माणसांनी हे वाचून फार हसू नये. कीर्तनात पहिल्या रांगेतले आजोबा काय करतात ते आम्ही पाहिले आहे. मागच्या पालकसभेत तर एक पालक चांगलेच घोरत होते. त्यांचे नाव मी लिहीत नाही. पण घरी गेल्यावर आईने त्यांना बरेच ऐकवले.

आता खरी गोष्ट. माझ्या शेजारी एक मुलगा बसतो. त्याला आम्ही ‘कुंभकर्ण’ म्हणायचो. हे नाव मीच ठेवले होते. डिसेंबरात एकदा दुपारी गुरुजी शिवछत्रपतींचा धडा शिकवत होते. १६५९ साल, प्रतापगडाचा पायथा, महाराज आणि अफजलखान यांची भेट. आम्ही सगळे श्वास धरून ऐकत होतो. माझा मित्र मात्र नंदीबैल झाला होता. गुरुजींनी एकदम त्याच्याकडे बोट केले आणि विचारले, “सांग, शामियान्यात आधी कोण आलं?”

तो दचकून उठला आणि ओरडला, “लाईट आली! मोटार चालू करा!”

वर्गात इतके हसू झाले की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. मी तर पोट धरून लोळलो. गुरुजीही आधी हसले. मग ते गप्प झाले. त्यांनी पुस्तक खाली ठेवले आणि त्याला जवळ बोलावून विचारले, “रात्री कुठं होतास रे?”

तो म्हणाला, “दारं धरायला गेलतो, बाबांसंगं.”

आमच्या शिवारात शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली की गव्हाला पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. वडील खोऱ्याने दारे मोडतात आणि हा बॅटरी धरतो. अंधारात पायाखाली साप असला तर दिसला पाहिजे. शाळा सुटल्यावर मी त्याला विचारले, “तू कशाला जातोस? झोपायचं की घरी.” तो म्हणाला, “मग बाबा येकटं कसं जातील?” यावर मला काही बोलता आले नाही.

त्या दिवशी मी वहीत हिशोब केला. तो आठला जेवून झोपला. साडेअकराला वडिलांनी उठवले. साडेतीन तास झाले. परत येऊन पाचला झोपला आणि साडेसातला उठला, कारण त्याला दूध घालायला जावे लागते. अडीच तास झाले. एकूण सहा. गुरुजींनी सांगितले आहे की सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. झोप पुरली नाही तर ऐकलेले ध्यानात राहत नाही. नवातून सहा गेले, राहिले तीन. हे तीन तास त्याने कुठून आणायचे? म्हणून ते वर्गात येतात.

माझी आजी एक गोष्ट सांगते. मुचकुंद नावाचा एक राजा होता. तो देवांच्या बाजूने खूप वर्षे लढला. देव म्हणाले, वर माग. तो इतका दमला होता की त्याने झोपच मागितली. आणि जो झोपमोड करील त्याची राख होईल, असाही वर मिळाला. मग तो गुहेत जाऊन झोपला. पुढे काळयवन आला. त्याला वाटले, हा कृष्णच झोपला आहे. त्याने न विचारता लाथ मारली आणि त्याची राख झाली.

म्हणून माझे मत असे आहे की वर्गात झोपणारे दोन जातीचे असतात. जो रात्री उशिरापर्यंत टीव्ही आणि मोबाईल बघतो तो कुंभकर्ण. क्रिकेटचा सामना असला की मीसुद्धा कुंभकर्ण होतो, हे मी कबूल करतो. त्याला खुशाल पाण्याचा हबका मारा. पण जो घरच्या कामाने दमून झोपतो तो मुचकुंद. दोघेही सारखेच पेंगतात. म्हणून लाथ मारण्याआधी विचारावे, बाबा रे, तू कोण?

सरकारने २०२४ साली सांगितले की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, म्हणजे मुलांची झोप पुरी होईल. ही चांगली गोष्ट आहे. पण आमची शाळा दहाला भरते, तरी माझा मित्र पेंगतो. शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना निघाली. ती आमच्या शिवारात लवकर यावी, असे मला वाटते.

तोपर्यंत आईबाबांना माझी विनंती आहे. रात्री पाण्याला जाताना शेजारच्या बांधावरच्या काकांना बरोबर घ्यावे. एका रात्री त्यांनी तुमची बॅटरी धरावी, एका रात्री तुम्ही त्यांची. म्हणजे मुले घरी झोपतील. आणि आमच्या घरातला टीव्ही नऊला बंद करावा. हे मी छातीवर दगड ठेवून लिहीत आहे.

गुरुजींनी आता मधल्या सुट्टीत माझ्या मित्राला कोपऱ्यात बस्करपट्टीवर पंधरा मिनिटे झोपायची परवानगी दिली आहे. मी बाहेर दारात बसतो आणि पोरांना आरडाओरडा करू देत नाही. अफजलखानाचा धडाही मी त्याला परत सांगितला. या वेळी तो जागा होता.

हे लिहू का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “लिही, पर नाव घालू नगं. आई वाचंल.” म्हणून नाव घातले नाही. कुंभकर्ण हे नाव मी परत घेतले आहे. तुम्हीही घ्या.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा करावी.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी